लिंझच्या काकांना, आईच्या आणि माझ्या वतीने

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच हवापाण्यावर जाता, मागून काकू हसतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आईला सायकलवर पासाऊहून व्हिएन्नापर्यंत कसं नेलंस, असं विचारणारं रोज कोणी ना कोणी भेटतं. मी नेलं नाही, हे एकदा लिहूनच टाकते.

मामाचे कॉलेजातले मित्र, एवढीच तुमची ओळख. पुण्यात धातुशास्त्र शिकून ऑस्ट्रियातल्या लिंझ शहराच्या पोलाद कारखान्यात गेलात ते तिथलेच झालात. डॅन्यूब नदीच्या काठाची सायकल सहल कोणत्या कंपनीकडून घ्यावी एवढंच मी विचारलं होतं. त्यावर तुमचे प्रश्न आले: आईचं वय किती, गुडघे कसे आहेत, शेवटची सायकल कधी चालवली? हरिपूरहून सांगलीला कॉलेजात जायची, तेव्हा. मग म्हणालात, येऊ द्या, जमेल.

इथल्या वाचकांसाठी थोडं सांगते. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना ही नदीकाठची वाट तीनशेहून थोडी जास्त किलोमीटरांची. जवळजवळ सगळी डांबरी, बरीचशी गाड्यांपासून लांब, आणि चढ म्हणावा असा चढ क्वचितच. पूर्वी प्रवाहाच्या उलट बोटी ओढायला काठाने घोडे जात. त्यांच्याच वाटांवरून ती बऱ्याच ठिकाणी जाते, म्हणून सपाट. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, तेव्हा पासाऊहून निघालं की तो पाठीला लागतो. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. वाट पुष्कळ ठिकाणी दोन्ही काठांनी आहे आणि दोन्ही काठ सारखे नाहीत, हे मात्र तुम्ही समजावलंत. रोज रात्री व्हॉट्सअॅपवर तुमचा आवाज यायचा: उद्या डावा काठ, दुपारनंतर उजवा. डावा म्हणजे नेमका कुणाचा, असं आईने विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "नदीचं तोंड समुद्राकडे, तुमचंही तिकडेच. तुमचं डावं तेच तिचं डावं." मग आमचा कधी गोंधळ झाला नाही.

पासाऊला आधी नगरपालिकेच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा पाहा, असं तुम्ही सांगितलंत. इन, इल्झ आणि डॅन्यूब तिथे एकत्र येतात. २०१३ च्या पुरात पाणी बारा मीटर नव्वद सेंटिमीटरच्या जवळ गेलं होतं. इतकं पाणी त्याआधी फक्त १५०१ मध्ये आलेलं. आई त्या खुणेखाली बराच वेळ उभी होती. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा आमच्या माजघरात पाणी होतं. परक्या देशात आल्यासारखं तिला त्यानंतर वाटलं नसावं, कारण पुढे ती वाटेत भेटणाऱ्या लोकांशी सरळ मराठीत बोलायला लागली.

श्लोगनच्या वळणावर नदी ग्रॅनाइटच्या डोंगरात जवळजवळ उलटी फिरते. तिथे तुम्ही मुद्दाम डावा काठ घ्यायला लावलात. पुढे कड्यामुळे वाट खुंटते आणि एक नाव माणसं-सायकली घेऊन पलीकडे नव्हे, तर त्याच काठाने पुढे नेऊन सोडते. उजव्या काठाने गेलो असतो तर डांबरावरून सहज पुढे सरकलो असतो आणि ही गंमत हुकली असती.

पण खरे आभार लिंझचे. तोवर आईचा उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला होता. मी गोळ्या, पट्टा, विश्रांती यांचा विचार करत होते. पुढचा टप्पा रेल्वेने, असंही मनाशी ठरवलं होतं. लिंझच्या उरफार भागातल्या तुमच्या घरी पोचलो तेव्हा तुम्ही चहाच्या आधी आईची सायकल भिंतीला टेकवली, तिला वर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवायला सांगितली. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. तिचा चांगलाच वाकलेला राहत होता. भाड्याच्या दुकानातल्या माणसाने सीट खाली बसवून दिली होती, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. बाई वयस्क दिसल्या की सगळे असंच करतात, असं तुम्ही म्हणालात. अॅलन-कीने सीट वर केलीत, तिथे काळ्या टेपची खूण बांधलीत. उतरताना सीटवरून पुढे सरकून मग पाय टेकायचा, हे अंगणात आईकडून परत परत करून घेतलंत. आणि गिअर हलका ठेवायचा, पाय भरभर फिरले तरी चालतील, पण जोर लावायचा नाही. दोन दिवसांत गुडघा विसरायला झाला. सांगलीला येऊन आईने शेजारच्या काकूंचीही सीट वर करून दिली आहे.

माउथाउजेनला थांबा, पण सायकल गावात ठेवा आणि टेकडीवर टॅक्सीने जा, असंही तुम्हीच सांगितलं होतं. टेकडीवरच्या त्या नाझी छळछावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं कोंडली गेली आणि किमान नव्वद हजार मेली. कैदी पाठीवर दगड घेऊन जिथून चढत, तो खाणीतला १८६ पायऱ्यांचा जिना तिथे आहे. सहलीत हे कशाला, असं मला आधी वाटलं होतं. आईला वाटलं नाही. त्या दिवशी आम्ही फार पुढे गेलो नाही, आणि तुमच्या आखणीत तो टप्पा मुळातच छोटा ठेवलेला होता, हे मला रात्री नकाशा पाहताना कळलं.

मेल्कचा मठ भव्य आहे. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. वाखाउ खोरं मात्र आईचं. तासगावच्या द्राक्षबागांत वाढलेली बाई ती. डोंगरउतारावर दगड रचून केलेल्या पायऱ्यांवरची द्राक्षं बघून सायकलवरून उतरलीच. जुलैत घड अजून हिरवे, घट्ट. आपल्याकडे मांडव, इथे नुसत्या तारा. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी, मग इथे कधी? तुम्ही फोनवर तिला तिथल्या एका बागायतदाराशी जोडून दिलंत आणि स्वतः दुभाषे झालात. मी बांधावर बसून जर्दाळू खात होते. तुमच्या सांगण्यावरून घेतलेले जर्दाळूचे उकडलेले गोळे आईला मोदकासारखे वाटले, फक्त सारणाऐवजी आत अख्खं फळ.

श्पिट्झला पलीकडे नेणाऱ्या नावेला इंजिन नाही. वरच्या तारेला ती बांधलेली असते, नावाडी ती प्रवाहाला तिरपी धरतो आणि नदीच तिला पलीकडे ढकलते. हरिपूरच्या संगमावर नाव पाहिलेल्या आईने त्या नावाड्याला खाणाखुणांनी बरंच काही विचारलं आणि त्याने सुकाणू थोडं तिला धरू दिलं. तो फोटो तुम्हाला पाठवलाच आहे.

क्रेम्सच्या पुढे तुम्ही आम्हाला आल्टेनवर्थच्या धरणावरून उजव्या काठाला आणलंत ते त्स्वेन्टेनडॉर्फसाठी. काठावरच बांधून पूर्ण झालेलं अणुवीज केंद्र; १९७८ च्या नोव्हेंबरात सार्वमत झालं, निम्म्याहून जेमतेम जास्त लोक नको म्हणाले, आणि ते एकदाही चालू झालं नाही. आईने थांबून विचारलं, "मग लोकांनी सांगितलं आणि सरकारने ऐकलं?" मी हो म्हटलं. तिने आणखी एक फोटो काढला.

व्हिएन्नात पोचलो तेव्हा काठावरच्या पाटीवर १९३० च्या आसपासचा आकडा होता. डॅन्यूबचे किलोमीटर काळ्या समुद्रापासून उलटे मोजतात, हेही तुमच्याकडूनच कळलेलं. उरलेले बघून आई म्हणाली, "दादांना विचार, पुढे कसं आहे."

तेच विचारते आहे. ब्रातिस्लाव्हापर्यंतचा टप्पा एप्रिलमध्ये बरा की सप्टेंबरमध्ये? मामाचा मुलगा डिसेंबरात म्युनिकला येतोय, त्याच्यासोबत तासगावचे बेदाणे पाठवते आहे. डबे दोन आहेत. काकूंची साखर वाढलेली आहे, तेव्हा लहान डबा त्यांचा, असं आईने बजावलं आहे.

तुमची,
सांगलीची भाची