ईईजी यंत्राच्या निविदेआधी तंत्रज्ञाची पदे भरा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कुठल्याही कॅज्युअल्टीत हे चित्र दिसते. सत्तरीचे आजोबा, सकाळपासून असंबद्ध बोलणे, मध्येच टक लावून बघणे. हातपाय झटकत नाहीत, म्हणून फिट (आकडी) कुणाच्या मनात येत नाही. ‘वयामुळे होतंय’ म्हणून विषय मिटतो. उतारवयातल्या कितीतरी फिट अशाच बिनझटक्याच्या असतात आणि त्यामागे बहुधा पूर्वीचा पक्षाघात असतो. फिट आतल्या आत चालू आहे का, हे सीटी स्कॅन सांगत नाही, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, सांगतो.

त्यामुळे अचानक भ्रम झालेल्या वृद्धाची साखर तत्काळ, मग रक्तातले सोडियम व सीटी, आणि उलगडा झाला नाही तर त्याच दिवशी ईईजी, असा लेखी नियम करा. सोडियम कमी निघाले म्हणून ईईजी टाळू नये. रक्तदाबासाठीच्या लघवीच्या गोळ्यांनी ते उतरते आणि फार उतरले की फिटही येते.

नुसत्या यंत्राने मात्र भागणार नाही. टेपने डोके मोजून 21 इलेक्ट्रोड लावावे लागतात. आपल्याकडे केसांत खोबरेल असतेच. ते शाम्पूने काढून, जेलने त्वचा घासल्याशिवाय इम्पीडन्स, म्हणजे त्वचा व इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, 10 किलोओहमखाली येत नाही. अर्थिंग कच्चे असेल तर घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा खरखरीत पट्टा आलेखभर उमटतो. घामाने रेषा संथ डोलते. नवख्याला तो मेंदूचाच दोष वाटतो. एसी मागितला की लेखा विभाग भुवया उंचावतो, पण मे महिन्यातल्या ठाण्यात त्याला पर्याय नाही.

वाचणाराही जाणता हवा. उतारवयात कानशिलांवर 6 ते 11 हर्ट्झच्या टोकदार ‘विकेट’ लाटा दिसतात. त्या निरुपद्रवी असतात, पण फिटच्या समजल्या गेल्या तर रुग्णाच्या माथी वर्षानुवर्षांच्या गोळ्या बसतात. उलट, 20 मिनिटांचा आलेख स्वच्छ आला म्हणजे फिट नाही, असेही नव्हे. झोपेतले रेकॉर्डिंग लागते.

औषधांत लेव्हेटिरासिटॅम या फिटच्या औषधाचा साठा अखंड ठेवा, मात्रा किडनी पाहून. फेनिटॉइन या फिटच्याच दुसऱ्या औषधाने वृद्धांचा तोल जातो, दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनशी त्याचे जमत नाही.

प्रत्येक पाळीला एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि आलेख त्याच दिवशी दुरून वाचणारा न्यूरोलॉजिस्ट, एवढी सोय जिल्ह्यात एका ठिकाणी तरी आधी उभी करा.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील ईईजी तंत्रज्ञ आणि डॉक्टर