खडू नको, तिरपा उजेड हवा

संपादक महोदय,

रायगड जिल्ह्यातल्या जुन्या बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू समाजाच्या) दफनभूमींत पणजोबा-पणजींची कबर शोधत इस्रायलहून, मुंबई-ठाण्याहून माणसे येतात. दगडांवर देवनागरी आणि हिब्रू, दोन्ही लिप्या. खारे वारे आणि पाऊस यांनी अक्षरे इतकी झिजली आहेत की बोटाला लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. मग कुणी खाचांत खडू घासतो, कुणी पीठ चोळतो, कुणी तारेच्या ब्रशने दगड खरवडतो. हेतू चांगलाच असतो, तरीही हे थांबले पाहिजे. खाचेत राहिलेल्या पिठावर बुरशी धरते आणि तारेचा ब्रश उरलीसुरली धारही नेतो.

खडूची मला जास्त भीती वाटते. भरणारा माणूस त्याला वाटेल ते अक्षर भरतो. झिजलेल्या १ आणि ९ मध्ये, घ आणि ध मध्ये फरक उरतो तो जेमतेम एका वळणाचा. हिब्रूतले दालेत आणि रेश तर कोपऱ्यापुरतेच वेगळे. खडू भरून फोटो काढला की चुकलेले सालच घराण्याच्या वंशावळीत जाऊन बसते. इथल्याच, अलिबागजवळच्या आक्षी गावच्या जुन्या मराठी शिलालेखातल्या शकाच्या आकड्यावरून अभ्यासकांतही मतभेद आहेत. (गावोगावच्या वीरगळांना, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांना, ऑइलपेंट फासणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे.)

अलिबागेत मी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला, म्हणून अनुभवाने सांगतो: अक्षर वाचायला लागते ती सावली. भर दुपारी दगड सपाट दिसतो. ऊन दगडाला घासून जाईल अशा वेळी तोच दगड बोलू लागतो. काही दगडांच्या तोंडावर ऊन कधी पडतच नाही. तिथे कपाटाच्या दाराएवढा आरसा बाजूला धरून उजेड वळवावा आणि दगडावर छत्रीची सावली करावी. तेही जमले नाही तर अंधार पडल्यावर जावे. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ समांतर धरावा. मुख्य म्हणजे एका फोटोवर थांबू नये. उजेड बाजूने आला की काना आणि उभे दंड उठून दिसतात, शिरोरेखा मात्र हरवते. वरून आला की शिरोरेखा दिसते आणि काना बुडतो. म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून असे फोटो काढावेत, मोबाइल न हलवता. मग ते एकावर एक ठेवून वाचता येतात. माती झटकायला मऊ कुंचला आणि साधे पाणी पुरे.

आधी दफनभूमी सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी. मूळ फोटो रंग-उजेड न बदलता जपावेत, दगड कुठल्या ओळीत आहे आणि उजेड कुठून होता तेही लिहावे, आणि एक प्रत अलिबागच्या सिनेगॉगमध्ये द्यावी. पावसाळ्यानंतर गवत सुकले की लगेच हे काम हाती घ्यावे, अशी सर्व संबंधितांना विनंती आहे. कॉलेजच्या मुलांना शिकवायला मी विनामूल्य येईन.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, अलिबाग