सेशनची वॉर्निंग आणि पिग्मीची जमा

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. "सेशनच्या वॉर्निंगा बंद कशा करायच्या?" असं तू विचारलंस. मी तेव्हा त्याच भानगडीत अडकलो होतो, म्हणून उत्तर राहिलं.

इथल्या एका पतसंस्थेच्या पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या बचतीच्या, प्रोग्रामचं काम माझ्याकडं आहे, ठाऊकच आहे तुला. भाजीवाल्या, मागवाले, चहावाले यांच्याकडून जमवलेले पन्नास-शंभर रुपये एजंट संध्याकाळी येऊन भरतात. लॉगिन केलं की एजंटचा क्रमांक सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर त्या माणसाबद्दल ठेवतो त्या तात्पुरत्या टिपणात, बसतो आणि प्रत्येक नोंदीला आपोआप लागतो. आषाढात कारकुनाचा फोन आला, "तीन दिवसांची जमा दिसते, पण आणली कुणी तो रकाना रिकामा आहे बघा." कष्टाचे पैसे रे ते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरच्या मशिनवर पान उघडून बघितलं तर वॉर्निंग एकही नाही. मागं सर्व्हर पीएचपी ८ वर, म्हणजे प्रोग्राम ज्यात लिहिलाय त्या पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर गेला, तेव्हा पूर्वीच्या 'अनडिफाइन्ड इंडेक्स' (मागितलेली किंमत सापडत नाही) या साध्या नोटिसा 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' नावाच्या वॉर्निंगा झाल्या आणि पडदा भरून गेला. मी घाईत प्रत्येक सेशन व्हेरिएबलपुढं दोन प्रश्नचिन्हं आणि रिकामी स्ट्रिंग लावली होती, म्हणजे 'नसेल तर रिकामं घे'. एजंटचा क्रमांकच नाही म्हटल्यावर प्रोग्राम तिथं अडायला हवा होता. तो रिकामी नोंद करत पुढं गेला. ही चूक माझी, आणि तू ती करू नयेस म्हणून एवढं लिहितोय.

बरं, क्रमांक गेला कुठं? एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका टिपतो ती फाइल, उघडला. हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती) आधीच गेल्यामुळं सेशन सुरू होत नाही, अशी तक्रार तिथं रोज पडत होती. अशा तक्रारीत आपण सेशन स्टार्टची ओळ तपासत बसतो. खरी खूण असते 'हेडर बदलता येत नाही' या जोडीच्या तक्रारीत, 'आउटपुट स्टार्टेड अ‍ॅट' या शब्दांपुढं: कुठली फाइल, कितवी ओळ. माझ्याकडं ती निघाली पानावरचे शब्द ठेवलेली भाषेची फाइल, ओळ १.

त्या फाइलीत मराठी आणि कन्नड शब्द शेजारी-शेजारी आहेत. आपलं 'ठेव', त्यांचं 'ठेवणि', सख्खी भावंडंच. संस्थेतल्या जुन्या विंडोज ७ वर एक कन्नड शब्द दुरुस्त करून कुणीतरी फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) म्हणून सेव्ह केली. ते जुनं नोटपॅड फाइलीच्या तोंडाशी बीओएम नावाचे तीन बाइट घालतं. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्राउझरकडं जातात. सेशनचा क्रमांक कुकीतून, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या चिठ्ठीतून जातो, कुकी हेडरमधून, आणि हेडर मजकुराच्या आधीच जायला हवेत. जमेच्या पानावर भाषेची फाइल सेशनच्या आधी जोडलेली होती, लॉगिनच्या पानावर ती नव्हतीच. म्हणून लॉगिन नीट आणि जमा बिघडलेली. माझ्या घरच्या मशिनवर तर आउटपुट बफरिंग, म्हणजे मजकूर थोडा साठवून मग पाठवणं, ४०९६ बाइटांवर ठेवलेलं, त्यामुळं तिथं काहीच दिसेना.

मग सेशन स्टार्ट पानाच्या अगदी वर नेलं, फाइल बीओएमशिवाय सेव्ह केली. एजंटचा क्रमांक नसेल तर आता नोंदच होत नाही, सरळ लॉगिनचं पान येतं. हे शेवटचं तूही आजच कर. कारण सेशनचा डेटा मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटंच धरला जातो. माणूस चहाला जाऊन गप्पांत रमला तर परत येईपर्यंत तो पुसलेला असू शकतो.

तुझ्या त्या शाळेच्या जुन्या मशिनवरची '४.२.३' असा आकडा असलेली लांबलचक वॉर्निंग मात्र वेगळी. पीएचपी ५.३ पर्यंतच ती दिसते. सेशनमधली किंमत नल, म्हणजे काहीच नसलेली, असते आणि त्याच नावाचा ग्लोबल (प्रोग्रामभर चालणारा) व्हेरिएबलही असतो, तेव्हा ती येते. पुष्कळ जण ती वॉर्निंग दाखवणारी 'बग कॉम्पॅट वॉर्न' ही सेटिंग शून्य करून गप्प बसतात. तसं करू नकोस, दोघांची नावं वेगळी ठेव.

रिकाम्या नोंदी एजंटांच्या पावतीपुस्तकांवरून दोन संध्याकाळी बसून भरल्या. एक रुपयाही इकडचा तिकडं झाला नाही, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, दोघं बसून बघू. तोवर लॉगमधली पहिली ओळ जशीच्या तशी लिहून पाठव. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्यासाठी कुंदा बांधून ठेवतो.

तुझाच,
वडगावचा दोस्त