खापर मुलांवर नको

मुंबई विद्यापीठाच्या क्रिकेट परंपरेचा आढावा घेणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. आठवणी सुरेख आहेत. पण परंपरा ओसरण्याचे खापर आजच्या मुलांच्या आळसावर आणि मोबाइलवर फोडणे पटले नाही. १९३५-३६ मध्ये सुरू झालेल्या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेच्या रोहिंटन बारिया करंडकावर मुंबईने सर्वाधिक वेळा नाव कोरले, कारण निवड समितीची नजर तेव्हा या स्पर्धेवर असे. अजित वाडेकर यांनी तिथे एका डावात ३२४ धावा केल्या, पुढे सुनील गावस्कर यांनी ३२७ धावा काढून तो विक्रम मोडला. पाहुण्या परदेशी संघांचे सामनेही विद्यापीठांच्या संयुक्त संघाशी होत. आज भारतीय संघाची वाट १९ आणि २३ वर्षांखालील स्पर्धांतून आणि आयपीएलमधून जाते. मग गुणी मुलगा विद्यापीठासाठी घाम का गाळील? उलट त्याचा तोटाच. सामना खेळून परतावे तर प्रॅक्टिकल बुडालेले, ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार आणि जर्नलवरच्या एका सहीसाठी प्रयोगशाळेच्या दाराशी ताटकळणे! (क्रीडा कोट्यातून प्रवेश देऊन ढाल मिरवणारी कॉलेजेही यात मागे नसतात.) विद्यापीठाने खेळाडूंना हजेरीत सवलत आणि बुडालेल्या परीक्षेची पुन्हा संधी प्रत्येक संलग्न कॉलेजात मिळते की नाही, हे आधी तपासावे. मुंबई क्रिकेट असोसिएशननेही संघ निवडताना आंतरविद्यापीठ सामन्यांतील धावा-बळींना वजन द्यावे.

– एक क्रिकेटप्रेमी, डोंबिवली