सई, तीन सेकंद थांब

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. "आई, सोमवारी इंग्रजीच्या पहिल्याच तासाला कुणी विचारलं की तुम्ही स्वतः इंग्रज नाही, मग आम्हाला कशा शिकवणार, तर?" त्या आधीच्या संस्थेने मातृभाषेचा रकाना बघून तुझा अर्ज बाजूला ठेवला, ते तुला अजून सलतंय. मलाही सलतं. फोनवर समजूत काढायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलते, म्हणून लिहायला बसले.

सातवीतली तू आठव. "यू हा स्वर आहे ना, मग ॲन युनिव्हर्सिटी का नाही? आणि एच व्यंजन असून ॲन अवर कसं?" असं म्हणत पेन्सिल फेकली होतीस. मी काही समजावलं नाही, वहीच्या कडेला दोन्ही शब्द देवनागरीत लिहिले. युनिव्हर्सिटी. अवर. तू बघत राहिलीस आणि ओरडलीस, "अगं, हा तर य आहे! आणि हा अ!" नियम स्पेलिंगचा नाही, कानाचा आहे, हे तुला तेव्हा कळलं ते कायमचं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. विचारलं तर त्यातले बरेच जण म्हणतील, "असंच म्हणतात." तुझ्याकडे ती फेकलेली पेन्सिल आहे.

तुझ्या वर्गात अरबी, जपानी आणि स्पॅनिश बोलणारी मंडळी आहेत म्हणालीस. मग मजा आहे. अरबीत प नाही, त्यामुळे पार्किंगचं बार्किंग होईल. जपानी माणसाला राइट आणि लाइट कानाला सारखेच लागतात. स्पॅनिशवाले स्कूलला एस्कूल म्हणतील, आपल्या इस्टेशनसारखं. हसू नकोस. आपण तरी काय, व्ह आणि व असं वेगळं लिहितो, पण बोलताना व्हेस्ट आणि वेस्ट एकाच ओठाने उरकतो. आरशासमोर उभी राहा. व्हेस्टला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, वेस्टला ओठांचा चंबू. रविवारी दहा वेळा कर.

एक गोष्ट मात्र आपल्याला फुकट मिळाली आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क हा खरं तर ख कडे झुकलेला असतो. किट म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो, स्किट म्हणताना येत नाही. तोंडासमोर कागदाचा पातळ तुकडा धर, पिन म्हण, मग स्पिन म्हण. पहिल्याला कागद हलेल, दुसऱ्याला जवळजवळ स्थिर राहील. क आणि ख वेगळे लिहिणाऱ्या आपल्याला हे पटकन ऐकू येतं. वर्गात हा कागद ने, व्याख्यान नको.

ऱ्हस्व-दीर्घावरून मी तुझ्या निबंधांवर लाल रेघा ओढल्या, त्याचा राग अजून असेल. मराठीत चुकलं तर मार्क जातो, इंग्रजीत चुकलं तर शिपचं शीप, म्हणजे जहाजाचं मेंढरू होतं.

आता थांबण्याबद्दल. इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या तुझ्या 120 तासांच्या सेल्टा कोर्समध्ये प्रत्यक्ष वर्गावर 6 तास उभी राहिलीस, पण तिथे मागे बसून बघणारे होते. सोमवारी तू एकटी असशील, आणि प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते ती फार लांब वाटते. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणं 3 सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांब होतात आणि गप्प बसणारेही बोलू लागतात. मला हे फार उशिरा कळलं. पहिली दोन वर्षं प्रश्नही मीच विचारायचे आणि उत्तरंही मीच द्यायचे. वर्ग शांत असतो म्हणून माझं कौतुक व्हायचं, हे त्याहून वाईट.

तू इंग्रज नसण्याच्या त्या प्रश्नाचं म्हणशील, तर कुणी विचारलंच तर सांग, "मीही तुमच्यासारखीच शिकले," आणि फळ्याकडे वळ.

करारात आठवड्याचे 25 तास लिहिलेत म्हणालीस. ते नुसते वर्गावरचे, की वह्या तपासणं आणि तयारी धरून? लेखी विचारून घे. तोंडी उत्तर चालणार नाही.

सोमवारी रात्री फोन कर. तास कसा झाला ते नंतर सांग, आधी किती सेकंद थांबलीस ते सांग.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, पासपोर्ट दाखवायचा, प्रत द्यायची, पण मूळ पासपोर्ट संस्थेच्या कपाटात ठेवू द्यायचा नाही. या एका बाबतीत त्यांचं ऐक.