सही करून झाल्यावर लिहिलेले पत्र

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडले. पहिल्यात नुसती सफाई होती आणि दुसऱ्यात नुसता राग, म्हणून आता आधी बातमी सांगते आणि मग बाकीचे लिहिते. माझी नौदलातली मुदत संपत आली होती, ती मी आणखी 3 वर्षांनी वाढवून घेतली आहे. सही झाली आहे. या 3 वर्षांतला बराच काळ जहाजावर जाईल, कारण किनाऱ्यावरच्या मेसमधली स्वयंपाक्याची जागा देऊ केली होती, ती मी घेतली नाही. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर, आई, तू ‘तुझ्या मनाप्रमाणे कर’ एवढेच म्हणाली असतीस आणि त्या वेळचा तुझा आवाज मला पुढचे सहा महिने ऐकू येत राहिला असता.

सही केल्यानंतर आठव्या दिवशी आम्ही बंदराला लागलो, फोन सुरू झाला आणि ताईकडून कळले की बाबा न्हाणीघरात पडले होते आणि त्या गोष्टीला 3 आठवडे होऊन गेले होते. त्या 3 आठवड्यांत माझे तुमच्याशी दोनदा बोलणे झाले होते. दोन्ही वेळा तुम्ही ‘आम्ही अगदी मजेत’ म्हणालात आणि बाबांनी तर मला हवामान विचारले. तुम्ही असे का केले असेल हे मला समजते. दादाच्या वेळी काय झाले ते आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. तरीही मला वाईट वाटले, आणि ते का वाटले ते या पत्रात पुढे कुठेतरी येईलच.

बाबांचे पडणे आधी कळले असते तर मी सही केली नसती का, असा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. खरे सांगायचे तर केली असती. पण आधी चार दिवसांची रजा मागून घरी आले असते, बाबांच्या शेजारी बसले असते आणि मग केली असती. मला ती संधी मिळाली नाही, आणि तुम्हालाही मला रागावण्याची मिळाली नाही.

आई, तुझे एक जुने दुखणे मला ठाऊक आहे. ‘तुला चुलीपासून लांब ठेवण्यासाठी मी जन्मभर चुलीपाशी उभी राहिले आणि तू एवढी शिकून पुन्हा चुलीपाशीच गेलीस,’ असे तू मावशीला म्हणाली होतीस. मी तेव्हा पलीकडच्या खोलीत जागी होते. त्याचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही आणि पुढेही कधी नीट देता आले नाही, म्हणून आज लिहून पाहते. घरी तू जे केलेस त्याला कोणी काम म्हटले नाही, त्याची कुठे नोंद झाली नाही आणि त्यातून तुला एक दिवसाची सुट्टी मिळाली नाही. इथे त्याच कामाचे प्रशिक्षण आहे, परीक्षा आहे, पगार आहे, बढती आहे, आणि जेवण बिघडले तर जाब विचारला जातो. तू मला ज्यापासून लांब ठेवत होतीस ते स्वयंपाक करणे नव्हते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. माझे चुकतही असेल.

सध्या माझ्याकडे रात्रपाळी आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पाव माझा. सगळे झोपलेले असतात, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, फक्त पंख्यांचा आवाज असतो आणि रात्री दोनच्या सुमारास पीठ फुगून भांड्याच्या काठाशी येते. जहाज एका अंगाला कलले की मी न ठरवता गुडघे किंचित वाकवते आणि तळहाताने पीठ दाबत राहते. पावाच्या पिठाला हेलकावे चालतात, पण केकच्या पातळ मिश्रणाला चालत नाहीत. परवा एकाच्या वाढदिवसाचा केक केला, तर तो एका बाजूने चार बोटे उंच आणि दुसऱ्या बाजूने पुठ्ठ्यासारखा निघाला. पोरांनी त्याची जी चेष्टा केली ती केली, पण उरला एक कणही नाही. लहानपणी तू कणीक मळायला बसलीस की मी मागून हात घालून एक गोळा पळवायची आणि तू पाठमोरीच म्हणायचीस, ‘चोर सापडला’. रात्री दोन वाजता मला अजून मागे वळून पाहावेसे वाटते.

समुद्र खवळला की आमच्याकडे सगळ्याच सवयी बदलतात. शेगडीवर भांडी सरकू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्या अडकवतात, पातेली अर्धीच भरतात, चिरायच्या फळीखाली ओले फडके घालतात आणि तळण पूर्ण बंद ठेवतात. उकळते तेल आणि हलती जमीन यांची गाठ पडू द्यायची नाही, हा इथला पहिला धडा. मनगटावर एक लहानसा चटका बसला होता, तो आता दिसतही नाही. ताईने फोटोत पाहिला असेलच, म्हणून मीच सांगून टाकते. पहिल्या आठवड्यात पालेभाज्या संपवतो, मग टोमॅटो, मग कोबी आणि गाजर, आणि सर्वांत शेवटपर्यंत कांदे-बटाटे पुरवतो, तेही वेगवेगळ्या जागी ठेवून, कारण एकत्र ठेवले की बटाट्याला कोंब लवकर येतात. हे मला तुझ्याकडून माहीत होते, पण वर्गात हात वर करून सांगितले तेव्हा शिक्षकांनी ‘कुठे शिकलीस’ म्हणून विचारले. ताजे संपले की गोठवलेले, डबाबंद आणि सुकवलेले. दिवसाला चार जेवणे निघतात, कारण रात्री पहाऱ्यावर असणाऱ्यांनाही गरम काहीतरी लागते. समुद्रावर सगळे दिवस सारखे दिसतात. आज कोणता वार आहे हे कित्येकांना ताटाकडे पाहून कळते.

बाबा, तुम्ही शेजाऱ्यांना ‘मुलगी नौदलात आहे’ एवढेच सांगता आणि पुढचा प्रश्न आला की विषय बदलता. मला त्याचा राग नाही, थोडी गंमतच वाटते. पण तुम्हाला सनावळ्या आवडतात, म्हणून एक गोष्ट लिहिते. 1883 साली जपानी नौदलाचे ‘रयूजो’ हे जहाज लांबच्या सफरीवरून परतले, तेव्हा त्यावरच्या 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी, म्हणजे नसा आणि हृदय दुबळे करणारा आजार, झाली होती आणि 25 जण दगावले होते. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलातल्या डॉक्टरांना संशय आला की दोष हवेचा नसून ताटाचा आहे, कारण खलाशी मुख्यतः पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगत होते. पुढच्या वर्षी ‘त्सुकुबा’ हे जहाज जवळपास त्याच मार्गाने पाठवले, फक्त जेवणात मांस, दूध आणि पाव यांची भर घातली, आणि त्या सफरीत बेरीबेरीने एकही माणूस गेला नाही. ताकाकींना वाटत होते की प्रथिनांची कमतरता आहे. खरी उणीव थायमिनची, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाची होती, हे फार नंतर कळले. म्हणजे कारण नीट उमगण्याआधीच स्वयंपाकघराने माणसे वाचवली होती. पुढच्या वेळी शेजारी विचारतील तेव्हा विषय बदलू नका, हे सांगा. त्यांना कंटाळा आला तर येऊ द्या.

आता माझ्या सुखसोयींविषयी, कारण आईने हा परिच्छेद आधी शोधला असणार. माझा बंक तीन मजल्यांपैकी मधला आहे, त्याला पडदा आहे, वाचायला दिवा आहे, आणि रात्रपाळी असल्याने दिवसा झोपले की कोणी उठवत नाही. प्यायचे पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून तयार होते आणि त्याला काही चव लागत नाही. बूट न घसरणारे आहेत. सुरुवातीचे दोन दिवस मळमळते. रिकाम्या पोटी जास्त मळमळते, म्हणून मी कोरडी बिस्किटे खिशात ठेवते. मी वेळेवर जेवते. इथे न जेवलेला स्वयंपाकी पाळीवर उभा राहिलेला आमच्या मुख्य स्वयंपाक्यांना खपत नाही. बाबांनी कुठेतरी वाचले असेल की धोक्याची घंटा वाजली की स्वयंपाकीही आग विझवायला आणि जखमींना उचलायला धावतात. ते खरे आहे, आणि त्याचे आम्हाला भरपूर शिक्षण दिलेले आहे. आजवर मी धावले ती प्रत्येक वेळी सरावासाठीच, आणि एकदा तर मुख्य स्वयंपाक्यांचे दूध उतू गेले म्हणून.

माझ्या कामात मला सर्वांत जास्त आवडते ते नोंदवहीचे पान, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. शिजलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहू द्यायचे नाही, कारण जंतू तिथेच वाढतात. म्हणून दर ठरावीक वेळाने तापमान मोजून लिहायचे, त्यापुढे सही करायची. आकडा वाईट आला तरी तोच लिहायचा आणि ते पातेले बाजूला काढायचे. अंदाजाने लिहिणाऱ्या एकाला आमच्याकडे पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकावे लागले. 1905 च्या जूनमध्ये रशियाच्या ‘पोटेमकिन’ युद्धनौकेवर अळ्या पडलेले मांस आले, जहाजाच्या डॉक्टरांनी ते खाण्याजोगे ठरवले आणि त्या जेवणावरून खलाशांचे बंड पेटले. मांस खराब होते ते होतेच, पण ते चांगले असल्याचा शेरा कोणीतरी दिला होता. तुमचे ‘अगदी मजेत’ मला त्या शेऱ्यासारखे वाटले, म्हणून मला वाईट वाटले. कडक लिहिले गेले, पण खोडत नाही. तुम्ही माझ्या काळजीपोटीच केलेत, हेही खरे आहे.

म्हणून आता काही गोष्टी सांगते आणि त्या तुम्ही ऐकायच्या आहेत. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा याच महिन्यात बसवून घ्या, पैसे ताईच्या खात्यात जमा केले आहेत आणि ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. बाबा, रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नाही. आई, माळ्यावरचे काढायला स्टुलावर चढायचे नाही, गुडघा एकच शाबूत आहे. तातडीचे काही घडले तर मला फोन लावत बसू नका, कारण कित्येक दिवस आमचा बाहेरशी संपर्कच बंद असतो; ताईकडे माझा सेवा क्रमांक आणि कुटुंबीयांसाठीच्या कार्यालयाचा नंबर आहे, तिथे कळवले की निरोप जहाजापर्यंत पोहोचतो. माझा निरोप आला नाही म्हणून बातम्या लावून बसू नका. आम्ही कुठे आहोत, कोणत्या तारखेला कुठल्या बंदरात लागणार, हे मी सांगणार नाही, आणि चुकून कळले तरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. काकांना हे दोनदा सांगावे लागेल.

पत्रे मात्र लिहा. ती पाच-सहा एकदम येतात आणि उलटसुलट क्रमाने येतात, मागच्या वेळी आईची नाराजी आधी वाचली आणि तिचे कारण चार दिवसांनी, म्हणून प्रत्येक पत्रावर क्रमांक घाला. खाण्याचे काही पाठवू नका, वाटेत खराब होते आणि मग मलाच ते फेकावे लागते. त्याऐवजी आई, तुझ्या त्या वहीतली पाने एकेक करून उतरवून पाठव. मापे वाटीने लिहिलीस तरी चालेल, मी शेकडो माणसांसाठी हिशेब करून घेईन. एक पान मी आठवणीतून करून पाहिले होते, पण त्यात काहीतरी राहिले आणि काय राहिले ते तुला न विचारता कळणार नाही.

पीठ वर आले आहे, आता उठते.

तुमची,
धाकटी

ता. क. पत्र क्रमांक 1 मध्ये बाबांचा रक्तदाब आकड्यांत लिहा, तारीख घाला आणि खाली दोघांनीही सही करा.