प्रबोधिनीतील प्राध्यापकांचे मत लेखी मागवावे

महोदय,

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, काढणाऱ्या छात्राला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि तेथील नागरी प्राध्यापकांची निवड संघ लोकसेवा आयोग करतो. कवायत आटोपून वर्गात आलेला छात्र फळ्यावरचे समीकरण उतरवता उतरवता पेंगू लागतो, तेव्हा वेळापत्रकात कुठे चुकते आहे, हे सर्वांत आधी समोर उभ्या प्राध्यापकालाच कळते. लष्करात आदेश वरून येतात आणि ते योग्यच आहे. परंतु अभ्यासक्रम व परीक्षा ठरवताना तोच शिरस्ता नको. अधिकारी बदलून जातात, प्राध्यापक मात्र वर्षानुवर्षे तेथेच शिकवतात. अशा निर्णयांआधी त्यांचे मत लेखी मागवावे आणि ते डावलल्यास कारण नोंदवावे, ही संरक्षण मंत्रालयाला कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्राध्यापक, पुणे